पाच वाजता नळाला पाणी येतं

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत दरवर्षी एक विनंती होते. ईस्टरपर्यंतचे हे चाळीस दिवस तरी पहाटे पाचला उठा, एकांतात बसा, पवित्र शास्त्र वाचा, प्रार्थना करा. यंदाही झाली. उपासना सुटली, लोक एकमेकांना सलाम करत बाहेर पडायला लागले, तेव्हा आमच्या पुढच्या बाकावर बसणारी एक बाई माझ्या पत्नीजवळ आली. चार घरची धुणीभांडी करते. नवरा मार्केटयार्डात हमाल, दोन शाळकरी पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. हळूच म्हणाली, "वहिनी, पाचला नळाला पाणी येतं. पाऊण तासात जातं. पाणी भरू का प्रार्थनेला बसू?"

उत्तर मिळावं म्हणून तिनं विचारलंच नव्हतं. तिला लाज वाटत होती. देवासाठी आपल्याकडे वेळ नाही म्हणजे आपल्या विश्वासातच खोट आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं. ही लाज तिच्या पदरात कुणी घातली, हे मला विचारायचंय. कारण तीच लाज मी पंधराएक वर्षं वागवली आहे.

एसटीत मी बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते नगर धावली, त्या नगरचा मी. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात मात्र अजून नगरच येतं. नोकरीतली निम्मी वर्षं मुक्कामी गाडीवर गेली. मुक्कामी म्हणजे रात्री साडेआठच्या सुमाराला शेवटच्या गावात पोचायचं, गाडी पाराजवळ नाहीतर शाळेच्या भिंतीला लावायची, डबा खायचा, कॅशची बॅग उशाला घेऊन सीटवरच आडवं व्हायचं आणि पहाटे साडेपाचला पहिली फेरी घेऊन निघायचं. हिवाळ्यात खिडकीच्या फटींतून वारा असा यायचा की दोन घोंगड्या कमी पडायच्या. झोप चार-पाच तास. ती मोडून आणखी तासभर आधी उठणं मला कधीच जमलं नाही.

१९९० साल लागताना, एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आम्हाला वर्षभराच्या वाचनाचा तक्ता मिळाला होता. आमच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, अध्याय १,१८९. रोज तीन-सव्वातीन अध्याय वाचले तर वर्षात ग्रंथ पुरा होतो. मी मोठ्या उमेदीनं लागलो. उत्पत्ती भराभर झालं, ते गोष्टींचंच पुस्तक. निर्गमही झालं. फेब्रुवारीत लेवीय लागलं, यज्ञांचे आणि शुद्धतेचे नियम, आणि त्याच आठवड्यात सलग मुक्कामी ड्युट्या लागल्या. दोन दिवस हुकले, सहा अध्याय मागे पडले. मग बारा. मग वीस. उसनवारी वाढावी तसं ते डोक्यावर बसलं. मंडळीतल्या एका वडिलांनी विचारलं, "वाचन कुठवर आलं?" मी म्हणालो, "चाललंय." धडधडीत खोटं बोललो, तेही देवळाच्या दारात. त्यानंतर तक्ता कपाटात गेला आणि वाचन रविवारपुरतं उरलं. खिशात मावणारा एक नवा करार, मागे स्तोत्रं आणि नीतिसूत्रे जोडलेला, तिकिटांच्या पेटीत मात्र असायचा. पेटीत आहे म्हणून बरं वाटायचं आणि उघडत नाही म्हणून वाईट.

पाथर्डी तालुक्यातल्या एका मुक्कामाला माझ्याबरोबर एक माळकरी ड्रायव्हर होते. वयानं मोठे, मी त्यांना अण्णा म्हणायचो. दिवसभर स्टेअरिंग ओढूनही रात्री गावातल्या देवळात हरिपाठाला जायचेच. मंडळी जमायची, टाळ वाजायचे, अर्ध्या-पाऊण तासात सगळे घरी. एका रात्री ते परत आले तर मी वेबिल लिहून पेटी आवरत होतो. म्हणाले, "ते बारकं पुस्तक रोज पेटीत दिसतंय. वाचताना कधी दिसत नाही तुम्ही."

मी म्हणालो, "वेळच नाही मिळत, अण्णा."

"आत्ता काय करताय?"

"आत्ता काही नाही. पण झोप आलीय, मनात काही उतरायचं नाही."

"मग मनात कशाला वाचता? मोठ्यानं वाचा. मलाबी ऐकू द्या."

मी टॉर्च धरून १२१ वं स्तोत्र वाचलं. आठच ओव्या आहेत. मिनिटभरात वाचून होतं. डोंगरांकडे डोळे लावून बसलेला माणूस आहे, आपल्याला मदत कुठून येणार असं विचारणारा. आणि त्याला सांगणं असं की तुझा राखणदार डुलकीसुद्धा घेत नाही, तुझं जाणं आणि तुझं येणं तोच सांभाळतो. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे ड्रायव्हरचं आहे." मी त्यांना सांगितलं, १२० पासून १३४ पर्यंतची ही पंधरा गीतं यरुशलेमेला पायी चढून जाणारे यात्रेकरू म्हणायचे. "म्हणजे वारीच की," अण्णा म्हणाले, आणि सीटवर अंग टाकलं. दुसऱ्या रात्री त्यांनीच विचारलं, आज कोणतं?

त्या मुक्कामाला आम्ही चार महिने होतो. ती पंधरा गीतं दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा वाचली. मी वाचायचो, ते ऐकायचे. एकट्यानं मला वर्षानुवर्षं जे जमलं नव्हतं, ते समोर ऐकणारा एक माणूस बसल्याबरोबर जमलं, आणि तो माणूस माझ्या धर्माचाही नव्हता. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की आहे. प्रार्थनेचा आणि शास्त्रवाचनाचा वेळ कष्टकरी माणसाला एकट्याच्या निश्चयानं सापडत नाही. तो दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. हरिपाठाला वेळ काढावा लागत नाही, गाव ती वेळ राखून ठेवतं. आम्ही ख्रिस्ती लोकांनी मात्र ही जबाबदारी उचलून एकेकट्याच्या पहाटेवर टाकली आहे.

पूर्वी असं नव्हतं. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. ती दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी करायची, कांदा काढायला जायची. आम्ही ज्या वस्तीतले, तिथल्या बायकांना शाळेची पायरी चढू द्यावी असं तिच्या लहानपणी कुणाला वाटलं नाही. पण आमच्या घरी रात्री जेवणाआधी उपासना चुकायची नाही. मी चौथीत होतो तेव्हापासून वाचायचं काम माझ्याकडे. कंदील मधोमध, वडील भिंतीला टेकून, आई सुपात ज्वारी निवडतेय. मला भूक लागलेली असायची, म्हणून मी घाईघाईनं वाचायचो. सुपावरचा तिचा हात थांबायचा. "सावकाश वाच. पुन्हा म्हण ते." मी पुन्हा वाचायचो. ती ओठातल्या ओठात पुटपुटायची, मग हात चालू व्हायचा. अशी तिची वीस-बावीस स्तोत्रं पाठ झाली होती. शेवटच्या आजारात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी तेविसावं स्तोत्र मी सुरू केलं की ती शेवटपर्यंत न्यायची.

आईला ते कळायचं, कारण ते तिच्या बोलीजवळचं वाचलं जायचं. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हेच ओळखलं होतं. संस्कृत कोळून प्यालेली ती बाई, पण साध्या बायांना ऐकून समजेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली. भोवती शेकडो बायका-मुली, शेती, गोठा, छापखाना, रोजचा स्वयंपाक. ते सगळं सांभाळून भाषांतर दीड दशकाहून अधिक काळ चाललं. छापखान्यात खिळे जुळवायला मिशनमधल्याच बायका होत्या. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं. ग्रंथ बाहेर पडला १९२४ साली. आमच्या नगरच्या नारायण वामन टिळकांनी दुसऱ्या बाजूनं तेच केलं. त्यांनी भजनं अभंगाच्या चालीत रचली, कीर्तनं केली. ज्याला वाचता येत नाही त्याच्या ओठांवर ते चढतं, जात्यावर बसलं तरी आणि खुरपं हातात असलं तरी. ही माणसं कुणाला पहाटे उठायला सांगत बसली नाहीत. जे द्यायचं ते त्यांनी लोकांच्या हातातोंडाजवळ नेलं.

पहाटेच्या एकांताचा आग्रह धरणारे मार्कच्या पहिल्या अध्यायाचा दाखला देतात. येशू अंधार असतानाच उठून निर्जन जागी प्रार्थनेला गेला, हे खरं. पण ती ओळ एकटी काढून दाखवू नये. आदल्या दिवशी कफर्णहूमात काय झालं ते वाचा. सभास्थानात शिकवणं झालं, तिथे एका पीडित माणसाला बरं केलं, मग शिमोनाच्या तापानं फणफणलेल्या सासूला उठवलं, आणि सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी लोटलं. रात्री किती वाजता पाठ टेकली असेल कुणास ठाऊक. मला तिथे नियम दिसत नाही. तिथे एक दमलेला माणूस दिसतो. माणसांची रीघ पुन्हा लागायच्या आत त्यानं मिळेल तेवढी जागा धरली, आणि तीही पुरती मिळाली नाही. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत आलेच. दानीएलाचंही तसंच. राज्याच्या तीन मोठ्या कारभाऱ्यांपैकी तो एक. दिवसातून तीन वेळा माडीवर, यरुशलेमेच्या दिशेच्या उघड्या खिडक्यांपाशी गुडघे टेकायचा. त्याला माडी होती आणि दिवसातून तीनदा घरी येता येत होतं. आमच्या पुढच्या बाकावरच्या बाईला एक खोली आहे. त्यात पाच माणसं.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पाथर्डी-शेवगावकडून निघायच्या. त्यातली काही कुटुंबं आमच्या मंडळ्यांमधली होती. बोचकी, पातेली, कोंबड्या घेऊन ही माणसं गाडीत चढायची. पुढचे पाच-सहा महिने त्यांच्या बाया पहाटे तीनला चूल पेटवणार आणि अंधारात फडात उतरणार. अशा बाईला "तासभर आधी ऊठ" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांना दिवसाचे तास आपल्या मर्जीनं वापरता येतात त्यांनी आपला दिनक्रम भक्तीचं माप म्हणून सगळ्यांना लावला, तर तो अन्याय आहे. व्यासपीठावरून झाला म्हणून तो कमी होत नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं: प्रेम असलं की वेळ निघतो. त्यात तथ्य आहे. मला रिकामा वेळ असून मी तो दवडला, असंही घडलंय. निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं सकाळभर हातात मोबाईल असायचा, ड्युटी नव्हती, नळाचीही घाई नव्हती, तरी शास्त्र उघडलं नाही. तिथे दोष वेळेचा नव्हता, माझा होता, आणि मला कुणी कठोर बोललं असतं तर ते योग्यच ठरलं असतं. पण माझ्यासारख्या निवृत्ताला द्यायचा बोल त्या बाईला देऊ नये. सगळ्यांना एकच बोल लावल्यानं आळशी माणूस सहज निसटतो आणि राबणारी माणसं मान खाली घालतात.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर तेही बोलतो. फुलांच्या चित्रावर एक वचन छापलेलं, असे वीस-पंचवीस संदेश रोज सकाळी माझ्याकडे येतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि एखाद्या वाईट दिवशी अशा एका ओळीनं मला हात दिलेला आहे. पण ते म्हणजे वाचन नव्हे. वचन अध्यायातून उपटून काढलं की ते कुणी, कुणाला, कोणत्या संकटात म्हटलं होतं ते मागे राहतं. आणि ते पुढे ढकलून दिलं की आपलं आजचं झालं, असं वाटायला लागतं. माझा यापेक्षा भरवसा आहे तो एक पुस्तक धरून, सावकाश, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, कुणासमोर तरी मोठ्यानं वाचण्यावर. महिना लागो की वर्ष.

त्या रविवारी माझ्या पत्नीनं त्या बाईला एवढंच विचारलं, "दुपारी कामावरून किती वाजता मोकळी होतेस?" ती म्हणाली, दोन-सव्वादोन. "मग मंगळवारी अडीचला आमच्या ओसरीवर ये. भाजी निवडायची असली तर घेऊन ये." मंगळवारी ती आली. शुक्रवारी शेजारणीला घेऊन आली. आता पाच-सहाजणी येतात. अर्धा तास, कधी पाऊण. पत्नी वाचते, बाकीच्या ऐकतात, कुणी मेथी निवडतं, कुणी शेंगा सोलतं. मी आत पलंगावर बसून ऐकतो. बायकांच्या बोलण्यात मी मध्ये पडत नाही.

त्यांनी पहिल्यांदा रूथचं पुस्तक घेतलं. चारच अध्याय, पण तीन आठवडे पुरले. दुसऱ्या अध्यायात रूथ बेथलेहेमात परक्याच्या शेतात सरवा वेचायला जाते, तिथे पत्नीला थांबावंच लागलं. कारण सरवा काय असतो हे ओसरीवरच्या तिघींना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. एक म्हणाली, गहू निघाला की आम्ही चिमण्यांसारख्या बांधावर बसून राहायचो, मळणीवाल्यानं हाक दिली की धावायचं. दुसरी म्हणाली, आमच्याकडे भुईमुगाचा सरवा. जमीन कडक झालेली, नखं तुटायची, आणि मालकाचा माणूस पदर झाडून घ्यायला लावायचा. मग बवाज आपल्या गड्यांना जे सांगतो ते वाचलं: पेंढ्यांतून मुद्दाम थोडं ओढून खाली टाका, तिला वेचू द्या, तिला बोलू नका. नळाच्या पाण्याची गोष्ट सांगणारी ती बाई हातातली मेथीची जुडी तशीच धरून म्हणाली, "म्हणजे तिला कळू न देता दिलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तिला वाटलं असंल, आपलं आपणच वेचलं."

बेचाळीस वर्षं मी रूथवर प्रवचनं ऐकतो आहे. हे कुणी मला दाखवलं नव्हतं. रात्री मी तो अध्याय पुन्हा काढला आणि त्या ओळीपाशी बराच वेळ बसलो.

वाचन झालं की त्या प्रार्थना करतात. लांबलचक नसते. सासूच्या पाठीला जखमा झाल्यात, पोराची फी राहिलीय, नवऱ्याचा हात सुजलाय, असं नाव घेऊन, एकेक वाक्य. दुसरीनं आपल्यासाठी मागितलेलं प्रत्येकीला ऐकू येतं. माझी मुलगी पुण्यात दुपारी कंपनीच्या बसनं कामावर जाते, रात्री दोनला परतते. तीही पहाटेच्या एकांताची स्वप्नं बघून थकली होती. आता त्या बसमधून ती मला फोन लावते आणि आम्ही एक अध्याय वाचतो, एक ओवी तिची, एक माझी. सध्या नहेम्या चालू आहे. यरुशलेमेच्या पडलेल्या भिंतीवर कोण कुठला भाग बांधत होतं, त्या नावांची यादी आली तेव्हा तिनं एकही नाव गाळलं नाही. गाडीचा आवाज मागे चालूच होता. रेंज गेली की आम्ही दोघंही जिथे तुटलं तिथे थांबतो.

हे सगळं मी आमच्या पाळकांना जाऊन सांगितलं. तरुण आहेत, मनापासून काम करतात. मी म्हणालो, पुढच्या उपवासकाळात पाच वाजता उठा असं सांगण्याआधी घरोघर जाऊन विचारा, तुमच्याकडे पाणी कधी येतं, ड्युटी कधी सुटते, घरात वाचता कुणाला येतं, आणि त्याच्यासमोर बसून ऐकेल असं कोण आहे. त्यावरून वेळा ठरवा. दुपारी अडीचची ठरवा, रात्री दहाची ठरवा, रिक्षा स्टँडवर चौघं असतील तर तिथली ठरवा. ते ऐकून घेत होते. आपल्या शिकवण्यानं कुणाला लाज वाटली असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं, असं त्यांनी सरळ सांगितलं.

परवाच्या मंगळवारी ते ओसरीवर आले. बायकांनी खुर्ची पुढे केली, ते पायरीवरच बसले. लूकचा पहिला अध्याय चालू आहे, ऐंशी ओव्यांचा, पत्नीनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सभेला वाचतात तसं, मोठ्या आवाजात आणि वेगात सुरू केलं. अलीशिबा आणि मरिया भेटतात तिथवर आले असतील. शेंगा सोलणाऱ्या बाईचा हात थांबला.

"पाळकसाहेब, जरा सावकाश. ते पुन्हा म्हणा."

त्यांनी बोट वरच्या ओळीवर नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.